पाळीव पिरान्हाचा आहार: नुसत्या मांसावर हा मासा पोसत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लाल पोटाचे पाच पिरान्हा, प्रत्येकी साधारण चार इंचांचे, टाकी मोठी, फिल्टर दमदार. विकणाऱ्याने सांगितलं की रोज चिकन हार्ट द्या आणि अधूनमधून जिवंत गोल्डफिश सोडा. तुम्ही तसं केलंत, आणि आता ते दुसऱ्या कशालाच तोंड लावत नाहीत. पेलेट, म्हणजे दाणेदार तयार खाद्य, तळाशी पडून फुगतात, पाणी दोन दिवसांत गढूळ होतं, त्यात भर म्हणजे एकाची शेपटी कुरतडलेली दिसतेय. मग पिरान्हाला निरोगी ठेवणारा आहार नेमका कोणता?

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं सांगतो. पिरान्हाला मांस लागतं हे अर्धंच खरं आहे. त्याला लागतो तो अख्खा प्राणी, म्हणजे मांसाबरोबर काटे, कवच, खवले, पोटातला ऐवज, आणि जोडीला थोडा हिरवा पाला. मुख्य जेवण मासे आणि कोळंबी, रोजच्या आधाराला चांगले पेलेट, बदल म्हणून गांडुळं आणि किडे, मधूनच वाटाणा. चिकन-मटण जवळजवळ बंद, गोल्डफिश पूर्ण बंद. आणि एकूण खाणं, आज देताय त्यापेक्षा बहुधा कमी.

हा मासा त्याच्या नदीत काय खातो ते बघितलं की निम्मा गोंधळ मिटतो. लाल पोटाचा पिरान्हा, म्हणजे पायगोसेंट्रस नाटेरेरी, दक्षिण अमेरिकेत अ‍ॅमेझॉन आणि पराग्वे-पराना नद्यांच्या खोऱ्यांत राहतो. तिथे पकडलेल्या माशांची पोटं अभ्यासकांनी उघडून पाहिली, तेव्हा माशांचं मांस तर निघालंच. पण माशांच्या परांचे तुकडे, खवले, किडे, छोट्या कोळंब्या, गोगलगायी, मेलेल्या जनावरांचे अवशेष आणि बिया, फळं, पानं असंही बरंच काही निघालं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९१३-१४ मध्ये ब्राझीलच्या जंगलात फिरून आले आणि त्यांनी या माशाचं जे रक्तपिपासू वर्णन लिहिलं, ते अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही. प्रत्यक्षात पिरान्हा बुजरा आहे. तो थव्याने राहतो ते शिकारीपेक्षा डॉल्फिन, केमन (मगरीचा भाऊबंद), पाणकावळे यांच्यापासून जीव वाचवण्यासाठी, असं अ‍ॅमेझॉनच्या पूरक्षेत्रात काम केलेल्या संशोधकांनी दाखवलंय. जे सापडेल ते खाणारा, संधी बघून लचका तोडणारा आणि मेलेल्यालाही नाही न म्हणणारा असा हा मासा. त्याला रोज एकच गोष्ट देणं हाच मुळात त्याच्या स्वभावाविरुद्धचा आहार आहे.

वयाप्रमाणे खाणंही बदलतं. अगदी लहान पिल्लं पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव आणि किड्यांच्या अळ्या खातात. थोडी वाढली की दुसऱ्या माशांच्या परांचे आणि शेपटीचे तुकडे तोडायला लागतात. पर पुन्हा उगवतात, त्यामुळे नदीत हे न संपणारं अन्न असतं. तुमचे चार इंची मासे याच वयाच्या आसपास आहेत, तेव्हा शेपटीचं कोडं इथेच अर्धं सुटतं. पूर्ण वाढलेले मासे मोठे घास घेतात, पण कमी वेळा खातात.

एक खात्री मात्र आधी करून घ्या. लाल पोटाचा पाकू लहानपणी हुबेहूब पिरान्हासारखा दिसतो आणि पुष्कळदा पिरान्हा म्हणूनच विकला जातो. पिरान्हाचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, दात त्रिकोणी आणि धारदार असतात. पाकूचे दात चपटे, आपल्या दाढांसारखे असतात, कारण तो मुख्यतः फळं आणि बिया फोडून खातो. पाकू निघाला तर खाली लिहिलेलं प्रमाण उलटं करा: भाजीपाला आणि वनस्पतीजन्य पेलेट मुख्य, मासे नावाला. शिवाय पाकू दोन-अडीच फुटांपर्यंत वाढतो, त्यामुळे टाकीचाही विचार नव्याने करावा लागेल.

आता चिकन हार्ट. ते विष नाही. चरबी आणि शिरा काढून महिन्यातून एखाद्या वेळी दिलं तर काही बिघडत नाही. अडचण रोजच्या देण्यात आहे. कोंबडी, बोकड, गाय ही उष्ण रक्ताची जनावरं. त्यांची चरबी त्यांच्या अंगाच्या उबेत मऊ राहते. पिरान्हाचं अंग पाण्याइतकंच, म्हणजे पंचवीस-सव्वीस अंशांचं. तिथे ही चरबी, विशेषतः बोकडाची आणि गायीची, घट्टच राहते. ती नीट पचत नाही आणि वर्षानुवर्षं दिली तर यकृताभोवती साचते. मासा बाहेरून गलेलठ्ठ, दिसायला रुबाबदार, आणि आतून यकृत पिवळटलेलं. माशांच्या चरबीत जी ओमेगा-३ आम्लं भरपूर असतात, ती या मांसात फारच कमी. हृदय म्हणजे शेवटी एक स्नायू; त्यात ना हाड, ना कवच, ना पोटातला ऐवज. त्यावर मासा जगतो, वाढतोही, म्हणून तर हा सल्ला इतकी वर्षं टिकलाय. पण पिरान्हा दहा वर्षांहून जास्त जगू शकतो, आणि आहाराची लबाडी तिसऱ्या-चौथ्या वर्षी उघडी पडते.

गोल्डफिशबद्दल जास्त बोलायला हवं, कारण इथे तीन वेगवेगळे धोके एकत्र येतात.

पहिला धोका थायमिनेजचा. हे एक विकर आहे, म्हणजे एन्झाइम, आणि ते ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फोडून टाकतं. गोल्डफिश, कार्प आणि त्यांच्या गोतावळ्यातल्या पुष्कळ माशांच्या अंगात ते असतं. अँचोव्ही, काही हेरिंग, काही शिंपले आणि काही कच्च्या कोळंब्यांतही असतं. एखाद्या वेळी असा मासा खाल्ल्याने काही होत नाही. आठवड्यामागून आठवडे हाच आहार झाला की पिरान्हाचं ब-१ संपत जातं: आधी भूक मंदावते, मग पोहताना तोल जातो, अंगाला झटके येतात, मासा आडवा होऊन गोल फिरतो. असं झालं की लोक पाण्याला दोष देतात, औषधं ओततात, आणि खरं कारण फीडरच्या, म्हणजे खाऊ म्हणून विकल्या जाणाऱ्या जिवंत माशांच्या, पिशवीत असतं. इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. गोठवल्याने थायमिनेज मरत नाही. फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने पडलेल्या माशात ते सावकाश आपलं काम करतच राहतं. ते निकामी होतं उष्णतेने. म्हणून ज्या माशाबद्दल किंवा शिंपल्याबद्दल शंका असेल तो उकळत्या पाण्यात थोडा शिजवून, गार करून द्यावा.

दुसरा धोका रोगांचा. फीडर मासे दाटीवाटीच्या टाक्यांत, कमीत कमी खर्चात वाढवलेले असतात. त्यांच्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, अँकरवर्म आणि कल्ल्यांवरचे फ्लूक हे परजीवी, असे पाहुणे टाकीत येतात. सगळ्यांत वाईट म्हणजे माशांचा क्षय. त्याचा जंतू, मायकोबॅक्टेरियम मरिनम, हाताच्या जखमेतून माणसालाही त्वचेचा चिवट संसर्ग देतो. बोटाला काप असेल तर टाकीत हात घालताना हातमोजे घाला, मग मासे कितीही निरोगी दिसत असोत.

तिसरा धोका सवयीचा, आणि तो तुम्ही आत्ता भोगताय. हलणारं अन्न मिळायची सवय लागली की मासा न हलणाऱ्याकडे बघत नाही. जिवंत शिकार दाखवायला पिरान्हा पाळणारे लोक असतात. त्यात माशाचा फायदा काहीच नाही, पाहुण्यांची करमणूक तेवढी होते. उंदीर सोडणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही. केस, चरबी, टाकीभर रक्त आणि त्या जनावराचे हाल, यातलं एकही पिरान्हाच्या आरोग्याला लागत नाही. जिवंत मासे द्यायचेच असतील तर गप्पीसारखे घरच्या टाकीत वाढवलेले द्या. बाहेरून आणलेले असतील तर तीन-चार आठवडे वेगळे ठेवून, चांगलं खायला घालून मग. कारण उपाशी फीडर खाणं म्हणजे रिकामी पिशवी खाणं. फीडरच्या पोटात जे असतं तेच शेवटी पिरान्हाच्या पोटात जातं.

मग द्यायचं काय? सुरुवात पांढऱ्या, कमी तेलाच्या माशापासून करा. तिलापिया, कॉड, हॅडॉक यांपैकी जे मिळेल ते चालेल, यांच्यात थायमिनेजची भीती नाही. ट्राउट, सॅमन असे तेलकट मासेही थोडे द्यावेत, ओमेगा-३ साठी ते उत्तम. पण पाण्यावर तवंग येतो, म्हणून छोटे तुकडे आणि क्वचित. फक्त बिनकाट्याचे फिले देत राहू नका. फिले म्हणजेही शेवटी नुसता स्नायू, चिकन हार्टचाच सुधारित अवतार. बोटभर लांबीचे अख्खे मासे मिळाले तर डोकं, काटे आणि आतड्यांसकट द्या. अ जीवनसत्त्व यकृतात असतं, कॅल्शियम आणि फॉस्फरस हाडांत. मासे कॅल्शियम कल्ल्यांतून पाण्यातूनही घेतात, पण पिरान्हाला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं आणि अशा पाण्यात ते कमी असतं. फॉस्फरस तर बहुतांश अन्नातूनच मिळवावं लागतं.

कोळंबी कवचासकट द्यावी. कवच म्हणजे पोट साफ ठेवणारा चोथा, आणि लाल पोटाचा रंगही तिथूनच येतो. अस्टाझँथिनसारखी रंगद्रव्यं माशाला स्वतःला बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच मिळतात. क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या समुद्री जीवांमध्येही ती भरपूर असतात. रंग फिका पडलाय म्हणून रंगवर्धक थेंब घेण्याआधी महिनाभर कवचाची कोळंबी देऊन बघा. मोठ्या कोळंबीच्या डोक्यावरचा करवती काटा मात्र कात्रीने उडवा, तो घशात टोचतो. सोललेल्या, उकडलेल्या, टिकवण्यासाठी क्षार मारलेल्या कोळंब्या नकोत. खारवलेलं, धुरावलेलं, मसाला लागलेलं काहीही नको. माकुलाचे तुकडे आणि शिंपल्यांचं मांस हे चांगले बदल आहेत, पण रोजचं जेवण नव्हे.

गांडुळाला तोड नाही, असं माझं मत. हाडकुळ्या माशाला अंग धरायला लावण्यासाठी आणि रुसलेल्या माशाला खायला लावण्यासाठी मी पहिल्यांदा गांडूळच देतो. एकच अट: खतं-कीटकनाशकं मारलेल्या मातीतलं नको. ओल्या कागदावर एक दिवस ठेवलं की पोटातली माती निघून जाते, मग धुऊन तुकडे करा. वाढवलेले क्रिकेट आणि मीलवर्म चालतात. मीलवर्ममध्ये चरबी जास्त, म्हणून चार-दोनच. दोन इंचांपर्यंतच्या पिल्लांना फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या), डॅफ्निया आणि आर्टेमिया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव). जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, मी देत नाही. ते सांडपाण्याच्या गाळात वाढतात आणि तो गाळ घेऊनच येतात.

पेलेटला लोक नाकं मुरडतात, पण सगळ्या आहारात जीवनसत्त्वांचं मोजमाप केलेली तीच एक गोष्ट असते. मांसाहारी सिक्लिडसाठी (शोभेच्या माशांचं एक कुळ) बनवलेले, बुडणारे किंवा सावकाश बुडणारे पेलेट बघा. घटकांच्या यादीत पहिलं नाव अख्ख्या माशाचं, फिशमीलचं (माशांच्या भुकटीचं) किंवा क्रिलचं हवं; गहू, मका किंवा सोया नको. प्रथिनं चाळीस-पन्नास टक्क्यांच्या दरम्यान. मोठ्या डब्याचा मोह टाळा. क जीवनसत्त्व हवा आणि उष्णता लागली की उडून जातं, म्हणून दोन-तीन महिन्यांत संपेल एवढाच डबा घ्या आणि टाकीच्या उबदार झाकणावर ठेवू नका. बहुतेकांचा डबा तिथेच असतो!

हिरवं खाणं पिरान्हा सहसा आपणहून मागत नाही. वाटाणा उकडून, साल काढून, दाबून द्या. दुधी किंवा झुकिनीची पातळ चकती चालेल. स्पिरुलिनाचे (एक प्रकारच्या शेवाळाचे) पेलेट तर सगळ्यांत सोपे. नुसतं टाकलं आणि खाल्लं नाही तर कोळंबीच्या पोटातून द्या, त्याची रीत पुढे सांगतो. आठवड्यातून एकदा एवढं पोटात गेलं तरी बद्धकोष्ठ आणि पोटफुगी बरीच कमी होते.

किती आणि कधी, हा भाग बहुतेक जण चुकवतात. दोन इंचांच्या आतल्या पिल्लांना दिवसातून दोन-तीन वेळा. तुमच्या चार इंची माशांना दिवसातून एकदा. प्रत्येकामागे अंगठ्याच्या नखाएवढे एक-दोन तुकडे. सहा इंचांच्या पुढे एक दिवसाआड, आणि पूर्ण वाढलेल्या माशाला आठवड्यातून दोन-तीन वेळाच, प्रत्येक वेळी करंगळीएवढी एक पट्टी. हे आकडे अंदाजासाठी आहेत. खरा निकाल पोट देतं. जेवल्यावर पोट बाजूने किंचित गोल दिसावं, पुढच्या जेवणापर्यंत सपाट व्हावं. सपाट होण्याआधीच पुढचं जेवण पडत असेल तर तुम्ही जास्त देताय. पोट आत गेलेलं आणि डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसत असेल तर कमी पडतंय, किंवा आत जंत आहेत. पिरान्हा तुटून पडतो याचा अर्थ तो भुकेला आहे असा घेऊ नका, तो पोट भरलेलं असतानाही तुटून पडतो.

वेळ संध्याकाळची धरा. मोठे मासे पहाटे आणि संध्याकाळी जास्त हालचाल करतात, म्हणून टाकीचा दिवा मंद करून, शक्य असेल तर खोलीतलाही कमी करून खाणं द्या. भर उजेडात, काचेसमोर चार माणसं उभी असताना ते कोपऱ्यात जमतात आणि आपण म्हणतो खात नाहीत. गंमत म्हणून सांगतो, अन्नावरून जुंपली की हे मासे ढोलावर थाप पडावी तसा बारीक आवाज काढतात. पाण्यात मायक्रोफोन सोडून केलेला त्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

दात झिजवायला हाडं द्या, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. गरज नाही. पिरान्हाच्या जबड्यात एका बाजूचे दात एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्या बाजूची आख्खी रांग एकदम पडून नवी येते. मध्येच दोन-तीन दिवस एखादा मासा ओशाळल्यासारखा बाजूला राहिला, खाणं चघळून सोडलं, तर बाकी सगळं ठीक असताना दातांचाही संशय घ्यावा आणि मऊ तुकडे द्यावेत.

तयारी करताना फ्रोझन मासा वाटीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सावकाश वितळू द्या. सुटलेलं पाणी फेका, तुकडे गार पाण्याखाली धुवा. टाकीत सोडलेला हा रस कोणाच्याच पोटात जात नाही, थेट अमोनिया होतो. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका. ताजा मासा आणला तर देण्याआधी आठवडाभर खोल फ्रीझरमध्ये ठेवा, बरेचसे परजीवी मरतात. क्षयाचा जंतू मात्र गोठवून मरेल याचा भरवसा नाही, म्हणून आजारी दिसणारा मासा गोठवूनही वापरू नका.

पाणी गढूळ होण्याचं कारण आता लक्षात आलं असेल. प्रथिनांचा प्रत्येक उरलेला कण अमोनिया होतो, फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांच्या कुवतीबाहेर अन्न पडलं की साखळी तुंबते, मासे धापा टाकतात, भूक मरते, न खाल्लेलं आणखी कुजतं. म्हणून खाणं टाकल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी चिमट्याने किंवा जाळीने उरलेलं सगळं काढायचं, रोज, आळस न करता. चिमटा लांब दांड्याचा हवा. बोटांनी भरवण्याचा पराक्रम करू नका. आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला, तेही क्लोरीन काढून आणि टाकीइतक्याच तापमानाचं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असले पाहिजेत. नसतील तर आहाराचा विचार नंतर, आधी पाणी.

आता तुमच्या अडून बसलेल्या पाच जणांचं बघू. मोठ्या माशांच्या बाबतीत मी सरळ आठवडाभर उपास ठेवायला सांगितलं असतं. निरोगी मोठ्या पिरान्हाला त्याने काही होत नाही. पण चार इंची थव्यात लांब उपास म्हणजे शेजाऱ्याची शेपटी हेच जेवण. म्हणून उपास दीड-दोन दिवसांपलीकडे नाही, आणि बदल पायऱ्यापायऱ्यांनी. पहिल्या आठवड्यात हार्टच्या जागी पांढऱ्या माशाचे तेवढ्याच आकाराचे तुकडे, हवं तर पहिले दोन दिवस अर्धे-अर्धे. चिमट्यात धरून पाण्यात हलवले की जिवंत असल्यासारखे वाटतात. एकाने झडप घातली की बाकीचे मागे राहत नाहीत.

दुसऱ्या आठवड्यापासून भरलेली कोळंबी. मध्यम कोळंबी घ्या, पाठीवर टोकदार सुरीने चीर द्या, काळा धागा ओढून काढा. त्या खाचेत दोन पेलेट आणि अर्धा दाबलेला वाटाणा बसवा, कवच दोन्ही बाजूंनी बोटांनी मिटवा आणि दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तेवढ्यात पेलेट कोळंबीचा रस पिऊन फुगतो आणि खाचेत घट्ट बसतो, पाण्यात सुटून पडत नाही. मग आडवे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यात थोडा पेलेट यायला हवा. दोन-तीन आठवड्यांनी पेलेट कोळंबीच्या रसात भिजवून नुसतेच टाका. पहिल्या दिवशी सगळे थुंकतील. दहा मिनिटांनी गोळा करा, त्या दिवशी दुसरं काही देऊ नका, दुसऱ्या दिवशी माशाचे तुकडे द्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा पेलेट. यात हट्टाला हट्ट करावा लागतो. तुम्ही त्याच संध्याकाळी दया येऊन चिकन टाकलंत की त्यांनी जिंकलं.

घडी बसली की आठवडा साधारण असा चालेल: दोन दिवस पेलेट, दोन दिवस मासा (त्यातला एक अख्खा, काट्यासकट), एक दिवस कवचाची कोळंबी, एक दिवस गांडूळ किंवा किडे, एक दिवस काही नाही. वाटाणा कोळंबीच्या दिवशी आतून. कोणत्या वारी काय, हे बदलत राहा. मासे सहा इंचांचे झाले की याच यादीतले दिवस गाळत जा.

शेपटी कुरतडण्यावर फक्त खाणं वाढवणं हा उपाय नाही. अन्न एकाच कोपऱ्यात पडत असेल तर दांडगे दोघे सगळं खातात आणि शेवटचा उपाशी राहतो. वर त्याच झुंबडीत त्याला चावाही बसतो. तुकडे एकाच वेळी दोन-तीन जागी टाका. सगळ्यांच्या आकारात फार फरक असेल तर सगळ्यांत लहान वेगळा करा. जखमी शेपटी स्वच्छ पाण्यात काही आठवड्यांत बहुधा भरून येते. कडा पांढरी, कापसासारखी झाली तर मात्र बुरशी किंवा जीवाणू, तेव्हा वेगळी टाकी आणि माशांच्या डॉक्टरांचा सल्ला.

काही खुणा आहाराकडे बोट दाखवतात, त्या नजरेत ठेवा. पांढरी, दोरीसारखी विष्ठा सतत दिसली तर आतड्यातले परजीवी. फीडर दिलेले असतील तर शक्यता जास्त. डोक्यावर बारीक खड्डे पडायला लागले तर खराब पाणी आणि एकांगी आहार या दोन्हींचा विचार करा. पोट दोन्ही बाजूंनी कायम फुगलेलं असेल तर दोन-तीन दिवस खाणं बंद आणि मग वाटाणा. खवले उभे राहिले असतील तर मात्र ते नुसतं अपचन नाही. ओठाखाली किंवा हनुवटीवर मऊ गाठ आली तर ती बऱ्याचदा काचेवर घासून आलेली असते. तिचा खाण्याशी संबंध नाही, टाकीतली जागा आणि आडोसा बघा. कुठलाही मासा अचानक खायचा थांबला तर आधी तापमान तपासा. चोवीस अंशांच्या खाली पिरान्हाची भूक आणि पचन दोन्ही मंदावतं.

राहिला गावाला जाण्याचा प्रश्न. तीन-चार दिवस जायचं असेल तर निघायच्या आदल्या दोन दिवशी नेहमीएवढंच, वेळेवर द्या, जास्तीचं भरवू नका, आणि निघण्याआधी पाणी बदलून जा. मोठे मासे आठवडाभरही आरामात राहतात. तुमचे अजून लहान आहेत, त्यामुळे चार दिवसांपेक्षा जास्त असेल तर कोणाला तरी सांगावंच लागेल. त्या माणसासाठी दर दिवसाचा वाटा वेगवेगळ्या छोट्या डब्यांत मोजून, वार लिहून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सोबत चिमटा ठेवा. पेलेटचा अख्खा डबा मात्र कपाटात कुलूपबंद करून जा.